सतरा वर्षांचं काम तीन ओळींत मावत नाही: खान्देशातल्या कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले कारखानदार, दालमिलवाले आणि माणसं कामावर घेणारे सगळे मालक यांस,

स.न.वि.वि.

वेगवेगळ्या तीन कारखान्यांच्या टाइम ऑफिसात मिळून मी २४ वर्षं काढली. मस्टर, पीएफचे फॉर्म, ठेकेदारांची बिलं, गेटवर आलेल्या पोरांचे बायोडाटा हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. भरतीची जाहिरात लिहायचं कामही माझ्याकडेच असायचं. 'शैक्षणिक पात्रता : कोणत्याही शाखेचा पदवीधर' ही ओळ मी किती वेळा टाइप केली, त्याची गणती नाही. कामाला कोणती शाखा लागते हे कधी कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या ओळीनं जे बाहेर राहिले, त्यांच्यात माझाही हात होता. नोकरी सोडून वर्ष झालं तरी ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

एका माणसाचं सांगते. सगळे त्यांना नाना म्हणायचे. पारोळ्याकडचे, दहावी नापास. पीव्हीसी पाइपच्या एका कारखान्यात १७ वर्षं होते, सगळी ठेकेदाराच्या मस्टरवर. पहिली काही वर्षं मिक्सरवर पोती उचलली, मग एक्स्ट्रूडरवर, म्हणजे माल वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनवर आले ते शेवटपर्यंत तिथेच. तुमच्यापैकी पाइपवाल्यांना हे सांगायला नको, पण पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. पीव्हीसीचा माल साधारण १६० ते २०० अंशांच्या दरम्यान वितळवून डायमधून, म्हणजे साच्यातून काढतात. मध्येच लाइट गेली आणि माल बॅरलमध्ये अडकला तर तो करपतो, पिवळा-तपकिरी पडतो, आम्लाची वाफ सुटते, डोळे चुरचुरतात. वेळेत बाहेर काढला नाही तर डाय आणि स्क्रू दोन्हींचं वाटोळं. पॅनेलवर काही दिसायच्या आत नानांना वासावरून कळायचं. रात्रपाळीत लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत नाना डायचे बोल्ट ढिले करायला लागलेले असायचे. त्यांना कुणी सांगावं लागायचं नाही.

मग शिफ्ट इन्चार्जची जागा निघाली. वरून निरोप आला, पदवीधरच हवा. मी जाहिरात दिली आणि आलेल्या अर्जांचे दोन गठ्ठे केले, पदवी असलेले आणि नसलेले. नानांचा अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यात गेला. तो गठ्ठा साहेबांच्या टेबलापर्यंत पोहोचलाच नाही. बी.एस्सी. झालेल्या एका मुलाला घेतलं. मुलगा चांगला होता, मन लावून शिकणारा, आणि त्याला शिकवलं नानांनीच, सहा महिने, त्याच मशीनपाशी उभं राहून. पहिल्या दिवसापासून त्याचा पगार नानांच्या दुपटीहून जास्त होता. त्या मुलाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यानं पदवी मिळवली, त्याची वाट चुकीची नव्हती.

खरा घाव पुढेच आहे. दोन वर्षांनी एक लाइन बंद पडली आणि नाना कमी झाले. जाताना माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, मी इथं काय काय केलं ते सगळं लिहून द्या. दुसरीकडे दाखवता येईल." मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, आपल्याकडे तशी पद्धत नाही, नाव, कालावधी आणि पद लिहा. मी लिहिलं : अमुक अमुक हे ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून काम करत होते. त्यांचा कालावधी अमुक ते अमुक. वर्तणूक समाधानकारक होती. तीन ओळी. नानांनी तो कागद घडी घालून वरच्या खिशात ठेवला. एमआयडीसीतच पुढच्या गल्लीतल्या कारखान्यात त्यांना काम मिळालं, हेल्परचं, नव्या हेल्परच्या पगारावर. पुढे एकदा गेटपाशी भेटले तेव्हा मी विचारलं, तिथे सांगितलं नाही का हो, मशीन चालवता येतं म्हणून? ते म्हणाले, "सांगं ना ताई. काम येस माले, पन कागद नही शे."

पदवी मोठी की अनुभव, हा वाद मी मालकांच्या केबिनमध्ये पुष्कळदा ऐकला. बहुतेक मालक तोंडानं अनुभवाच्याच बाजूचे असतात. 'मला काम येणारा माणूस पाहिजे, कागदं काय चाटायची' हे वाक्य मी किमान दहा जणांच्या तोंडून ऐकलंय. मग माणूस निवडताना पदवी का जिंकते? मला कळलेलं कारण साधं आहे. पदवीला कागद आहे. तीन वर्षं, सहा सत्रं, प्रत्येक विषयाचे गुण, विद्यापीठाचा शिक्का. हरवला तर दुसरी प्रत मिळते. अनुभवाचं विद्यापीठ म्हणजे तुमचा कारखाना, आणि तिथून १७ वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला गुणपत्रिका मिळत नाही. ती देणं फक्त तुमच्या हातात आहे. दुसरं कुणी देऊच शकत नाही.

असा कागद काय करू शकतो, ते मी घरात पाहिलंय. माझे वडील खान्देशातल्या एका कापड मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे लूम चालते ठेवणारे आणि विणकरांवर देखरेख करणारे. मिल बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. गल्लीतली निम्मी माणसं सुरतेला गेली, उधना आणि लिंबायतकडे. वडीलही गेले. फरक एवढाच होता की मिलच्या वीव्हिंग मास्तरांनी वडिलांना जाताना पानभर दाखला लिहून दिला होता. किती लूम सांभाळले, कोणत्या बनावटीचे, ताणा-बाणा लावण्यापासून बिघाड काढण्यापर्यंत काय काय येतं, हाताखाली किती विणकर होते, सगळं. खाली सही आणि मिलचा गोल शिक्का. सुरतेत पहिल्या आठवड्यात वडील जॉबर म्हणूनच लागले. बरोबर गेलेले कितीतरी हुशार कारागीर पुन्हा बॉबिन भरण्यापासून सुरू झाले. तो दाखला आमच्याकडे अजून आहे, घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. माझ्या बी.कॉम.च्या प्रमाणपत्राशेजारी, एकाच फाइलमध्ये. त्या दोन कागदांपैकी घर कशानं चालवलं, हे मला माहीत आहे.

आता तुमची बाजू. ती मी टेबलाच्या त्या बाजूनं पाहिलेली आहे, तेव्हा टाळत नाही.

तुम्ही म्हणाल, ऑडिटर पदवी मागतो. मी आयएसओच्या ऑडिटला फाइली घेऊन बसले आहे. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत, सातव्या भागात, माणसाच्या क्षमतेबद्दल जे आहे ते वाचून पाहा. माणूस योग्य शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांच्या आधारे सक्षम असावा, असं तिथे आहे. 'किंवा' आहे. त्यापुढे आणखी एक अट आहे, ती सक्षमता दाखवणारी नोंद जपून ठेवा. म्हणजे ऑडिटरला नाना चालले असते. नानांना काय येतं याची नोंद आम्ही कधी ठेवलीच नव्हती, म्हणून अडलं असतं.

तुम्ही म्हणाल, एका जागेला शे-दीडशे अर्ज येतात, चाळणी काहीतरी हवीच. हे खरं आहे. गठ्ठे करणारी मीच होते, तेव्हा ते ओझं मला माहीत आहे. पण चाळणी कामाला साजेशी असावी लागते. जळगावच्या सराफ बाजारात कारागिराला पदवी विचारत नाहीत, काम करायला देतात आणि बघतात. दालमिलमध्ये मिस्त्री ठेवताना तुम्ही तेच करता. तुरीला तेल-पाणी दिल्यावर माल रात्रभर मुरला की नाही, उन्हात किती वाळवायचा, हे तो मूठभर तूर हातात घेऊन सांगतो आणि तुम्ही त्यावर लाखोंचा माल सोपवता. तिथे कधी कुणी गुणपत्रिका मागितलेली मी पाहिली नाही. मग पाइपच्या मशीनवर, स्टोअरमध्ये, डिस्पॅचला, केळीच्या पॅकहाउसमध्ये अर्ध्या दिवसाची पगारी ट्रायल घ्यायला काय अडचण आहे? चाळणी लावणाऱ्याला तेवढे कष्ट पडतील, हे मान्य.

जिथे चूक झाली तर जीव जाईल अशा कामातसुद्धा कायद्यानं अनुभवाला दार ठेवलंय. बॉयलर अटेंडंटची परीक्षा द्यायची तर बॉयलरवर प्रत्यक्ष काम केलेलं असावं लागतं. ट्रक आणि बस चालवायच्या परवान्याला पूर्वी आठवी पासची अट होती, ती केंद्र सरकारनं २०१९ साली काढून टाकली, कारण गाडी चालवता येणं आठवीच्या दाखल्यावर ठरत नाही. सरकार सगळीकडे असं वागतं असंही नाही. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना ठरवला. एकाच कचेरीत, एकाच टेबलावर, एकच नोंदवही लिहिणाऱ्या दोघांना वेगळे पैसे मिळू शकतात, हे मला पटत नाही.

आणि मग खरं कारण, जे केबिनचं दार लावल्यावरच ऐकू यायचं. चांगला दाखला दिला तर माणूस शेजारी पळेल. हे कारण मी समजू शकते. माणूस घडवायला वर्षं जातात आणि दिवाळीचा बोनस घेऊन तो पुढच्या गल्लीत गेला की पोटात दुखतं. पण विचार करा, कागद न दिल्यानं कोण थांबलं? चाकणला जायचे ते गेले, सुरतेला जायचे ते गेले. न दिलेल्या कागदानं एकच गोष्ट केली. जाणारा माणूस पुढच्या गेटवर स्वस्तात विकला गेला. आणि तुमच्या गेटवर आलेला पुढच्या गल्लीतला नाना तुम्हालाही हेल्पर म्हणूनच कळला, त्याचा हात तुमच्या मशीनला लागलाच नाही. तुमच्याच एमआयडीसीतलं कौशल्य तुम्हालाच दिसेनासं झालंय.

कायद्याचंही सांगून टाकते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेत, कलम ५६ मध्ये, कंत्राटी कामगारानं मागितला तर ठेकेदारानं त्याला अनुभवाचा दाखला द्यायचा आहे, आणि त्या दाखल्यात त्यानं केलेल्या कामाचा तपशील असायला हवा. संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झाली. पण ठेकेदाराला कामाचा तपशील कुठून माहीत असणार? तो महिन्याच्या शेवटी बिल घेऊन येतो. तपशील तुमच्या सुपरवायझरला माहीत असतो. तुम्ही ठेकेदाराला तो लिहून दिला नाही, तर कायद्यातलं ते कलमही पुन्हा 'हेल्पर, वर्तणूक समाधानकारक' एवढ्यावर भागवलं जाईल. आयटीआयची परीक्षा खासगी उमेदवार म्हणून द्यायची सोय आहे, कामातून शिकलेल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र द्यायच्या योजना आहेत. खासगी उमेदवाराच्या त्या अर्जालाही अनुभवाचा दाखला जोडावा लागतो. सगळ्या वाटा फिरून तुमच्याच सहीपाशी येतात.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग पोरांनी कॉलेजला जायचंच कशाला. तसं मी चुकूनही म्हणणार नाही. अमळनेरचं नाव निघालं की हमखास कुणीतरी विप्रोचं उदाहरण देतं. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी, आणि १९६६ साली वडील वारल्यावर अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून आले, बघा, पदवीवाचून काही अडलं नाही. पण त्यांच्यासमोर वडिलांची कंपनी होती, भरतीच्या रांगेत त्यांना उभं राहायचं नव्हतं. शिवाय त्यांनीही कितीतरी वर्षांनी ती पदवी पूर्ण केलीच. आमच्या पोरांना ते उदाहरण देऊन शाळेपासून तोडू नका.

मुलींचं तर मी वेगळं सांगते. आमच्याकडे बारावीनंतर स्थळं यायला लागतात. 'पोरगी कॉलेजला आहे' या एका वाक्यावर तीन वर्षं मिळतात. त्या तीन वर्षांत ती एसटीनं एकटी तालुक्याला जाते, बँकेत स्वतःचं खातं काढते, चारचौघांत बोलायला शिकते. पुस्तकातलं किती आलं हा भाग वेगळा, पण ती तीन वर्षं तिचं आयुष्य बदलून टाकतात. धडगावकडची एक मुलगी माझ्याकडे मुलाखतीला आली होती, घराण्यातली पहिली पदवीधर. तिला आमच्या दुसऱ्या ओळीनं अडवलं : 'अनुभवी उमेदवारांना प्राधान्य'. पहिली संधी कुणीच देणार नसेल तर तिनं अनुभव आणायचा कुठून? म्हणजे नानांना पदवीच्या ओळीनं बाहेर ठेवलं आणि तिला अनुभवाच्या ओळीनं. दोन्ही ओळी माझ्याच हातच्या, एकाच जाहिरातीतल्या. लॅबमधल्या केमिस्टला रसायनशास्त्र यायलाच हवं, तिथे पदवी मागा, तिथे मीही मागेन. बाकी जागांना प्रत्येक अट लिहिताना एकदा विचारा, ही या कामाला खरोखर लागते का.

आपल्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या म्हणत गेल्या आणि घरात मुलगा सोपानदेव यांच्यासारखं लिहून घेणारं माणूस होतं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. लिहून घेणारं कुणी नसतं तर आसोद्याची ही लेक जळगावच्या बाहेर कुणाला माहीत झाली असती? तुमच्या शॉप फ्लोअरवर आज असं किती जणांचं शहाणपण कुणी लिहून न घेता चाललंय, एकदा पाळी बदलताना गेटवर उभं राहून बघा.

माझं मागणं फार नाही. पदवीची अट जिथे कामाला लागत नाही तिथून काढा. जो मशीन चालवतो त्याच्या मस्टरवर 'ऑपरेटर' लिहा, आणि लिहिल्यावर पगारही ऑपरेटरचा द्या, नुसतं पद देऊन भागवू नका. दरवर्षी एकदा सुपरवायझरला बसवून प्रत्येकाच्या नावापुढे तो काय शिकला ते लिहून घ्या, म्हणजे माणूस जाईल त्या दिवशी धावपळ नको. आणि जाणाऱ्याला, मग तो ठेकेदाराचा असला तरी, कामाचा पूर्ण तपशील असलेला दाखला तुमच्या लेटरहेडवर द्या.

कसा लिहायचा असं वाटत असेल तर खाली देते. नानांना मी त्या दिवशी हा द्यायला हवा होता.

दाखला

दाखला देण्यात येतो की, श्री. ________ यांनी आमच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत १७ वर्षं काम केलं. सुरुवातीला मिक्सर विभागात रेझिन आणि कंपाउंड मोजून भरण्याचं काम ते करत. त्यानंतर पीव्हीसी पाइपच्या एक्स्ट्रूडरवर त्यांनी स्वतंत्रपणे काम केलं. लाइन सुरू करणं व बंद करणं, तापमान लावणं, साइजप्रमाणे डाय बदलणं, पाइपची जाडी तपासून हॉल-ऑफचा (पाइप ओढणाऱ्या यंत्राचा) वेग जुळवणं ही कामं ते कुणाच्याही मदतीशिवाय करतात. वीज गेल्यावर बॅरल आणि डाय वाचवण्याचं काम त्यांनी अनेकदा केलं असून त्यांच्या पाळीत माल करपून डाय निकामी झाल्याची नोंद नाही. नव्यानं रुजू झालेल्या शिफ्ट इन्चार्जना त्यांनी सहा महिने मशीनचं प्रशिक्षण दिलं. त्यांना एक्स्ट्रूडर ऑपरेटर किंवा त्यावरच्या पदावर घेण्यास आमची शिफारस आहे.

सही व शिक्का

आपली,
टाइम ऑफिसात २४ वर्षं काढलेली एक कर्मचारी,
जळगाव